पुढल्या दाराचा शेवटचा हात

सकाळचा चहा हातात घेऊन इस्लविन बेनन मागच्या दारानं बाहेर पडला, गल्लीला वळसा घालून घराच्या पुढल्या अंगाला आला, आणि दाराकडे नजर जाताच थबकला. काल संध्याकाळी ज्या दारात समोरच्या घराच्या खिडक्या दिसत होत्या, ते दार रात्रीतून आंधळं झालं होतं. गडद निळा रंग होता तिथंच होता. ओघळ नव्हता, फोड नव्हता, पण त्यातलं पाणी गेलं होतं. मोतीबिंदू उतरलेल्या म्हाताऱ्या डोळ्यासारखं ते त्याच्याकडे बघत होतं आणि बघत नव्हतं. त्यानं सदऱ्याची बाही तळव्यावर ओढून एक कोपरा पुसून पाहिला. काचेवरची वाफ असती तर निघाली असती. ही निघाली नाही. खालून, स्वान्सीच्या गोदीकडून, समुद्राचं धुकं अजून चढण चढून येतच होतं. रंग सुकायच्या आत ते दारावर येऊन बसलं होतं आणि जाताना चमक घेऊन गेलं होतं.

"नजर लागली रे तुझ्या दाराला," समोरून आवाज आला. ग्लेनिस टकर गुडघे टेकून आपली पायरी घासत होती. मान वर न करताच तिला सगळं दिसे. "परवा माशा चिकटवल्यास, काल समुद्र चिकटवलास. आज काय बेत आहे?"

"आज घासतो परत."

"घास, घास. घासून घासून दार संपेल एक दिवशी, मग पडदा लाव. माझ्या मांजराच्या पाठीला जास्त चमक आहे रे त्याच्यापेक्षा." मग तिनं ब्रश बादलीत टाकला आणि त्याच्या बायकोची चौकशी करायला आवाज उतरवला. "मोर्विद कशी आहे?"

"आहे," तो म्हणाला. चहा निवला होता. त्यानं तो गटारात ओतला.

त्या चढणीवरच्या घरांना दोन दारं असत आणि दोन्ही दारांची जात वेगळी असे. मागचं दार माणसांचं. त्यातून कोळसा येई, मासे येत, शेजारणी येत, पोरं चिखल घेऊन येत. त्याला कधी कुणी कडी लावली नाही की त्यावर टकटक केली नाही. पुढलं दार पाळकांचं, नवरीचं आणि शवपेटीचं. वर्षावर्षांत ते उघडत नसे, तरी रस्त्यावरून जाणारं येणारं त्या दारावरूनच घराची पारख करी. चॅपलमध्ये बाहेरगावचे पाळक प्रवचनाला येत, त्यांच्या जेवणाचा मान एकेका घराकडे महिना महिना असे, आणि ज्याचा महिना त्याचं दार, असा रिवाजच होता. महिना लागायच्या आधी त्या घराचा कर्ता दाराला नवा रंग देई. म्हातारी माणसं संध्याकाळी फिरायला म्हणून निघत, दारासमोर थांबत, मान तिरकी करून उजेड कसा पडतो ते बघत, आणि काही न बोलता पुढं जात. न बोलणं हीच शाबासकी. बेननांचा महिना सप्टेंबर. तीन वर्षं तो दुसऱ्यांनी उचलला, कुणी त्याबद्दल अक्षर काढलं नाही. तीन वर्षांमागं त्या दारानं त्यांचा मुलगा तेगिद बाहेर गेला होता, आणि त्यानंतर ते उघडलंच नव्हतं.

तेगिद लोखंडाच्या कारखान्यात होता. एके दिवशी पाळी संपवून सायकलीचं कुलूप काढताना खाली बसला तो बसलाच. अडतिसावं लागलं होतं, लग्न झालेलं नव्हतं, डबा आईच्याच हातचा. पुढल्या खोलीत पेटी ठेवली होती, आणि घरात माणूस जाऊन पडलेलं असलं की ठेवतात तसं पुढलं दार रात्रंदिवस सताड उघडं होतं. चौथ्या दिवशी उचलताना पेटी बोळकंडीत वळेना. एका बाजूला जिना, दुसऱ्या बाजूला भिंतीशी उघडून टेकवलेलं दार. पेटीची पितळी मूठ दाराच्या रंगात रुतली आणि सगळं अडलं. सहा माणसं ओझं पेलत अर्धी आत, अर्धी बाहेर. जिन्याच्या खालच्या पायरीवरून मोर्विद म्हणाली, "थांबा." ओरडली नाही, पोराला शाळेत पाठवताना काहीतरी विसरलं की म्हणतात तसं म्हणाली. आणि इस्लविन, ज्यानं जन्मभर गोदीत पेट्या हलवल्या होत्या, तो म्हणाला, "जरा डावीकडे घ्या. हं. ओढा." लाकूड करकरलं, पेटी सुटली, उजेडात गेली. दारावर वीतभर लांबीचा ओरखडा राहिला, आतलं पांढरं लाकूड दिसेल एवढा खोल.

"तो दारात अडला होता," मोर्विद त्या रात्री म्हणाली. "त्याला जायचं नव्हतं."

एवढंच. परत कधी म्हणाली नाही. पण त्यानंतर ती चॅपलला आली नाही, टेबलाशी जेवायला बसली नाही. ताट गुडघ्यावर घेऊन वरच्या खोलीत खिडकीशी बसे, अर्धं खाई, अर्धं दुसऱ्या ताटाखाली झाकून ठेवी. देवाचं नाव तिनं टाकलं का, हे विचारायची त्याची छाती नव्हती. तो स्वतः दर रविवारी जाई, डीकनांच्या, म्हणजे चॅपलच्या पंचांच्या, बाकावर बसे, दानाची थाळी फिरवी, स्तोत्रातला खालचा सूर धरून ठेवी. लोक म्हणत, बेननचं बरं, श्रद्धा आहे म्हणून तरला. त्याला वाटे, आपल्याला वरून रंगाचा एक चकचकीत हात मारून ठेवलाय, बोट लावाल तर आत ओलं आहे.

मग ऑगस्टच्या शेवटी कळलं की पाळक मदोक येणार आहेत. ऐंशी ओलांडलेली, ही त्यांची शेवटची फेरी. मोर्विद पंधरा वर्षांची असताना डोंगर ओलांडून त्यांचं प्रवचन ऐकायला गेली होती, बूट हातात घेऊन, झिजू नयेत म्हणून. इस्लविननं तिला पहिल्यांदा पाहिली ती त्यांच्याच प्रवचनात, वरच्या सज्ज्यात, कठड्यावर हनुवटी टेकून बसलेली. मदोक उभे राहत ते अगदी साधं बोलत, कोळशाचा भाव विचारावा तसं, खालच्या आवाजात. माणसं खोकत, गोळ्या चघळत. मग हळूहळू बोलणं एका बाजूला कलू लागे. एखादा शब्द लांबे. लांबलेल्या शब्दाला सूर फुटे, आणि कळायच्या आत तो माणूस गात असे. हे गाणं कुणी बसवलेलं नव्हतं. ते भरतीच्या पाण्यासारखं पायऱ्या चढत येई, एक पायरी घेई, मागं सरे, दोन घेई, आणि शेवटच्या पायरीवर येऊन असं थांबे की सगळं चॅपल श्वास रोखून पुढं झुकलेलं असे. देवानं माणसाला गळा कशासाठी दिला ते त्या क्षणी कळे. मोर्विद रडत असे आणि हसत असे, दोन्ही एकदम, आणि घरी परतताना त्याचा दंड धरून म्हणे, "आत सगळं धुऊन निघालं बघ."

म्हणून त्यानं तिला न विचारताच चॅपलमध्ये सांगून टाकलं, सप्टेंबर आमचा. घरी येऊन तिच्या खोलीच्या दारात उभा राहिला, टोपी हातात फिरवत.

"मदोक येणार आहेत," तो म्हणाला. "आपल्याकडे जेवायला."

ती खिडकीबाहेर बघत होती. "मग पुढल्या दारानं यायला हवेत," ती म्हणाली.

"हो तर. पुढल्याच दारानं."

"ते पुढल्या दारानं आत आले, तर मी खाली येईन. टेबलाशी बसेन."

तीन वर्षांत एवढं लांब वाक्य ती बोलली नव्हती. बुडत्याला काडी म्हणतात, इस्लविनला तर ओंडका सापडला. तो जिना उतरून थेट दाराशी गेला. मूठ फिरवली, तीन वर्षांचं कुरकुरणारं दार आत ओढलं, उजेड बोळकंडीत शिरला, आणि त्या उजेडात त्याला ओरखडा दिसला. पाळक मदोक यातून येणार? महिना आपला, आणि दार हे असं? रिवाज आडवा आला. खरं तर त्याच दिवशी दार उघडं टाकून तो स्वस्थ बसला असता तर पुढलं काही घडलंच नसतं. तिनं रंगाचं नाव काढलं नव्हतं. पण त्या रस्त्यावर जन्मलेल्या माणसाच्या डोक्यात असं येतच नाही.

पॉलिशपेपरनं त्यानं जुना रंग खरवडला. ओरखड्यात लांबी, म्हणजे खाचा बुजवायची पुट्टी, भरली. चाकूच्या पात्यानं ती दाबताना त्याला एक हलकं, सुखाचं काहीतरी वाटलं, आणि लगेच त्या वाटण्याची लाज वाटली. लांबी सुकली, घासली, वरून बोट फिरवलं. काही लागलं नाही. डोळे मिटूनही काही लागलं नाही.

पहिला हात त्यानं भर दुपारी मारला. समुद्राकडून ऊन थेट दारावर येत होतं, लाकूड तव्यासारखं तापलेलं. ब्रश मागं फिरवेपर्यंत रंग ओढ धरू लागला आणि सगळ्या दारावर कंगव्याच्या दातांसारख्या रेघा उठल्या. घासला. दुसरा हात सावली बघून मारला, तर पावसाळी हवेत उठणाऱ्या बारीक काळ्या माशा अशा येऊन बसल्या की दारावर कुणी तीळ पेरले आहेत. एकेक माशी सुईच्या टोकानं काढली, तिथं तिथं खड्डा राहिला. घासला. तिसऱ्याला उशीर झाला, आणि धुकं आलं. प्रत्येक वेळी घासताना त्याला भीती वाटे की आता लांबी उघडी पडेल. पडत नसे. पण रंग चढला की तिरक्या उजेडात तो ओरखडा परत दिसे. खड्डा म्हणून नाही, एक फिकट वळ म्हणून, जखम भरल्यावर कातडीला राहतो तसा. किंवा त्यालाच दिसे. ग्लेनिसला त्यानं विचारलं, ती म्हणाली, कुठाय? डोळे तपासून घे.

चढणीच्या पायथ्याशी क्लेम पगचं दुकान होतं, खिळे, रंग, रॉकेल. क्लेम चॅपलचा माणूस नव्हता, बिअरचा होता, पण रंगातलं त्याला कळे. "परत आलास?" तो गल्ल्यामागून म्हणाला. "अरे, दार रंगवतोयस की बाप्तिस्मा देतोयस?"

"धुक्यानं मेला रंग."

"मरणारच. तू संध्याकाळी मारलास ना? लोकांना वाटतं चकाकणारा रंग म्हणजे झाकणारा रंग. मॅट झाकतो बाबा. ग्लॉस चहाड्या करतो. खाली केस असला तर तो दोर दाखवतो." त्यानं नवा डबा फडताळातून काढला आणि झाकणावर टिचकी मारली. "सकाळी मार. ऊन नको, वारा नको, पायरीवर पाणी शिंपड म्हणजे धूळ बसेल. रंग मोज्यातून गाळून घे, बायकोचा जुना नायलॉनचा असेल तर. पातळ मार, आणि शेवटचा ब्रश खालून वर, जीव नसल्यासारखा हलका. आणि कडेला, चौकटीला मारणार असलास तर दार वीतभर उघडं ठेव पाचर घालून. दिवसभर, रात्रभर. मिटलंस तर दोन ओले रंग एकमेकांना असे धरतील की नवराबायको लाजतील."

"आणि मिटलंच तर?"

"तर कडक सुकू दे आणि फटीतून धारदार चाकू फिरव. रंगाची कड फाटेल, पण दार उघडेल." मग इस्लविनच्या चेहऱ्याकडे बघून तो थांबला. "पाळकाला एवढं काय रे बघायचं असतं दारात? चमक बघायची तर टक्कल आहे की त्यांचं."

इस्लविन हसला. हसताना गालाचं कातडं कसं ओढलं गेलं ते त्याला जाणवलं, वाळत आलेल्या रंगासारखं.

शनिवार उजाडला तो देवानं दारासाठीच घडवलेला. आभाळ करडं, मऊ, उंच. वाऱ्याचा श्वाससुद्धा नाही. खाली आखात शिसं ओतल्यासारखं निपचित. त्यानं मोर्विदच्या कपाटातून मोजा घेतला. तिनं विचारलं नाही, त्यानं सांगितलं नाही. रंग गाळला, पायरी भिजवली, आणि दारासमोर उभा राहिला तेव्हा त्याच्या ओठांवर नकळत प्रार्थना आली. तीन वर्षांत आपणहून आलेली पहिली. प्रभू, एवढं एक दार. बाकी काही मागत नाही. मग हात चालू लागला. वरच्या चौकोनातून खालच्यात, आडवा, उभा, आणि शेवटी खालून वर, हलका, अगदी हलका, झोपलेल्या पोराच्या पाठीवरून फिरवावा तसा. रंग आपला आपण पसरत होता. ब्रशच्या रेघा उठत आणि डोळ्यांदेखत मिटत, पाण्यावरच्या मिटतात तशा. त्यानं दाराची कड रंगवली, चौकट रंगवली. दार वीतभर उघडं ठेवून खाली लाकडाची पाचर मारली, आणि मागं सरून रस्त्याच्या मध्ये जाऊन उभा राहिला. दारात रस्ता होता, समोरची धुराडी होती, आणि एक म्हातारा होता, हातात ब्रश घेतलेला. वळ कुठंच नव्हता.

ग्लेनिस आपल्या दारात येऊन उभी राहिली. तिनं मान तिरकी केली. काही बोलली नाही, आत गेली.

दुपारी त्यानं बटाटे सोलून पाण्यात टाकले, मटण मीठ लावून ठेवलं. रविवारी घरात सुरी हातात धरायची नाही, बूट पुसायचे नाहीत, वर्तमानपत्रसुद्धा उशीखाली जाई, अशी त्याच्या आईची शिस्त होती आणि ती त्याच्या हाडात होती. दिवस कलताना तो चॅपलचा बंब पेटवायला आणि बाकं पुसायला गेला. जाताना वरती हाक मारली, "मोर्विद, दार ओलं आहे हं. हात लावू नको. उघडंच राहू दे."

परत आला तेव्हा दार मिटलेलं होतं.

त्यानं आतून मूठ धरून हळू ओढून पाहिलं. दार हललं नाही. पाचर बोळकंडीत जिन्याखाली पडली होती. वारा, तो स्वतःशी म्हणाला. त्या दिवशी वारा नव्हता, आणि हे त्याच्याइतकं त्या शहरात कुणाला माहीत नव्हतं. तरी तो दोनदा म्हणाला, वारा. आता जोर लावला तर ओला रंग सोलून हातात येईल. सकाळपर्यंत कडक होऊ दे, मग चाकू फिरवू, असं ठरवून तो जिना चढला, आणि जिन्याच्या मधल्या पायरीवर त्याला आठवलं की सकाळी रविवार आहे. तो तिथंच उभा राहिला. वर मोर्विदच्या खोलीत खुर्ची करकरली. त्याला वाटलं आत जावं, विचारावं. विचारलं तर ती सांगेल. तो आपल्या खोलीत गेला आणि अंथरुणावर बसून राहिला. जोरात ओढलं तर उघडेल, त्यानं मनाला सांगितलं. गोदीत एवढ्या पेट्या ओढल्या.

सकाळी चॅपलला जाताना तो गल्लीतून वळून पुढं आला. धुकं आलं नव्हतं. दार असं लखलखत होतं की क्षणभर त्याला वाटलं, ते उघडंच आहे आणि आतून कुणीतरी त्याच्याच टोपीत बाहेर बघतंय. जन्मात त्याच्या हातून एवढं चांगलं काम झालं नव्हतं. फक्त कमरेच्या उंचीवर, मुठीच्या बाजूला, जिथं लांबी भरली होती त्या जागी, रंगातून चार बोटं ओढत गेली होती. वीतभर. एकदा नाही, बोटं गेली होती, परत आली होती, परत गेली होती, अंधारात भिंतीवर दिव्याचं बटण चाचपडतात तशी. चाचपडून चाचपडून एका जागी ती टेकून थांबली होती. तिथं रंग गोळा होऊन सुकला होता.

चॅपलमध्ये तो आपल्या बाकावर बसला. आज माणसं बरीच होती. पाळक मदोक व्यासपीठावर चढले ते कठड्याला धरून, आणि साध्या आवाजात, कोळशाचा भाव विचारावा तसे, एका विधवेच्या मुलाबद्दल बोलू लागले, ज्याची तिरडी गावाच्या वेशीतून बाहेर नेत होते. इस्लविननं मान खाली घातली. त्याला उठून जायचं होतं. डीकन उठून जात नाही. म्हाताऱ्याचा आवाज फाटका झाला होता, मधूनच कोरडा पडे, पण मग एक शब्द लांबला, त्याला सूर फुटला, आणि जुनं पाणी पायऱ्या चढू लागलं. आई मागं चालते आहे, ते गात होते, आई मागं चालते आहे, आणि खांदेकऱ्यांना कुणी सांगत नाही, या मोठ्या गावात कुणी एक माणूस सांगत नाही की थांबा. मग प्रभू आला. प्रभूनं काय केलं? आधी फक्त तिरडीला हात लावला. खांदेकरी थांबले. थांबले, माझ्या मंडळींनो, थांबले. तो शब्द त्यांनी वर नेला, तिथं धरला, आणि सगळं चॅपल पुढं झुकलं. शेजारचा डीकन हुंदका देऊन आमेन म्हणाला. इस्लविनच्या डोळ्यांत काही आलं नाही. त्याच्या हातांना त्या पेटीचं वजन आठवत होतं. मोर्विदनं ऐकायला हवं होतं, असं त्याला वाटलं, आणि पाठोपाठ, की हिनं हे प्रवचन आधीच दिलं होतं, एका शब्दात, जिन्याच्या पायरीवरून.

मंडळी मदोकांशी हात मिळवत रेंगाळली तेवढ्यात तो पुढं निघाला, गल्लीतून मागच्या दारानं आत शिरला. स्वयंपाकघरात मटणाचा वास होता. टेबलावर पांढरी चादर घातलेली, तीन ताटं मांडलेली. त्यानं नव्हती मांडली. बोळकंडीत मोर्विद उभी होती. निळा लोकरीचा पोशाख, गळ्याशी आईची पिन, केस विंचरून मागं बांधलेले. उजवा हात पोशाखाच्या घडीत लपवलेला. तीन वर्षांत त्यानं तिला असं उभं, उजेडात पाहिलं नव्हतं. किती लहान झाली होती.

"आलीस," तो म्हणाला.

"म्हणाले होते ना."

बाहेर पायऱ्यांवर काठी वाजली. मग दारावर तीन टकटक, सावकाश, मान असलेल्या माणसाची. इस्लविननं मूठ दोन्ही हातांनी धरली आणि ओढलं. काही नाही. पाय चौकटीला लावला, पाठ ताठ केली, परत ओढलं. वरच्या कोपऱ्यात रंग तडकल्याचा बारीक आवाज झाला. येणार होतं. हातांना कळतं, लाकूड सुटायच्या आधी सैल पडतं ते त्याला चाळीस वर्षं माहीत होतं. आणखी एक ओढ.

"बेनन?" बाहेरून मदोक म्हणाले. "आहात ना घरी?"

"पाळकसाहेब, थांबा हो," रस्त्यापलीकडून ग्लेनिस ओरडली, "त्यानं तुमच्यासाठी एवढं रंगवलंय दार की उघडतच नाही! ओढ रे इस्लविन, जोर लाव, जेवला नाहीस काय?"

त्यानं श्वास भरला. आणि मनगटावर हात पडला. चार बोटांची टोकं गडद निळी होती, नखांच्या कडांतून रंग शिरलेला.

"ओढू नको," मोर्विद म्हणाली.

"अगं, येतंय. एवढंच राहिलंय. एकदा ओढलं की—"

"अडलंय," ती म्हणाली. आवाजात राग नव्हता. शाळेत जाणाऱ्या पोराचं काहीतरी राहिलंय, असाच आवाज. "अडू दे, इस्लविन. या वेळी अडू दे."

त्याचे हात मुठीवरून सुटले. ठरवून नाही, ते आपोआप खाली आले. बाहेर मदोक काहीतरी बोलले, ग्लेनिस म्हणाली, मागच्या गल्लीनं जा, त्या कोपऱ्यावरून वळा, बूट सांभाळा, चिखल आहे. काठी पायऱ्या उतरली. आवाज भिंतीच्या कडेकडेनं लांब गेला. मोर्विद दारापाशी गेली, मिटलेल्या दाराच्या आतल्या बाजूला तळवा टेकवला, जिथं बाहेरून ती चार बोटं होती तिथंच, आणि तशीच उभी राहिली. तिचा चेहरा निवला होता. लग्नाआधी, सज्ज्यातल्या कठड्यावर हनुवटी टेकलेला तो चेहरा इस्लविनला दिसला, आणि त्याच वेळी त्याला लख्ख कळलं की तो चेहरा आपल्याकडे वळलेला नाही; आता वळणारही नाही.

"जेवायला बस," तो म्हणाला. "ते येताहेत. मागून."

"पुढल्या दारानं आले असते तर," ती म्हणाली. तिनं तळवा काढून घेतला, कठडा धरला आणि जिना चढू लागली. एकेका पायरीवर दोन्ही पाय टेकत.

तो बोळकंडीत उभा राहिला. दाराच्या वरच्या कोपऱ्यात, जिथं रंग तडकला होता, केसाएवढी उजेडाची रेघ आत येत होती. वर खोलीचं दार मिटलं. मागं स्वयंपाकघराच्या दारावर कुणीतरी टकटक केली. त्या दारावर त्या घरात कधी कुणी टकटक केली नव्हती. ते लोटलं की उघडतं. पण पाळक मदोकांना हे कुणी सांगितलं नव्हतं. ते टकटक करून थांबले, परत टकटक केली. इस्लविननं 'या' म्हणायला तोंड उघडलं, आणि त्याऐवजी मिटलेल्या दारावर, मोर्विदचा तळवा होता तिथंच, आपला तळवा टेकवला.